इंजिन जाम झाले, पण का?

या सदरात आम्ही एरवी रेशनकार्ड, शाळाप्रवेश, प्रॉव्हिडंट फंड असले विषय मांडत असतो. या वेळचा विषय आहे मोटारसायकलचे इंजिन. कारकुनी पेशातल्या माणसाने इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या बहिणीच्या घरात या इंजिनावरून जे घडले, त्यात आमचीही चूक झाली. ती कबूल करावी व त्यातून जे शिकलो ते चार घरांपर्यंत पोचवावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचा भाचा नाशिकच्या अंबड भागात एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. त्याला मातीत मोटारसायकल पळवण्याचा नाद. गावाबाहेरच्या माळावर, उंचवटे आणि चिखल असलेल्या वाटेवर ही मुले रविवारी सराव करतात. मातीसाठीच बनवलेल्या नव्या गाड्यांच्या किमती आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरच्या. म्हणून त्याने स्वतःच्या पगारातले आणि आईच्या भिशीतले पैसे एकत्र करून एक जुनी यामाहा आर. एक्स. १०० घेतली. ही गाडी आपल्या देशात १९८५ साली आली आणि १९९६ पर्यंत निघत होती. इंजिन ९८ सी.सी.चे, टू-स्ट्रोक. वजनाला हलकी, उचल जबरदस्त. मुलांनी तिला खाचांचे टायर लावले, दिवे काढले, पुढचे मडगार्ड उंच केले, की झाली मातीची गाडी तयार!

तीन महिन्यांतच एका रविवारी ती माळावर अचानक थांबली. मागचे चाक क्षणभर अडकले, भाचा खाली पडला. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून खरचटण्यावर निभावले. किक मारायला गेला तर किक खाली जाईना. इंजिन जाम. गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. तिथे ब्लॉक उघडून सांगण्यात आले, "पिस्टन चिकटला. पोराने ऑईल टाकले नसणार. बोअर मारून नवे किट टाकावे लागेल." तसे करून घेतले. हजारो रुपये गेले. आणि दीड महिन्यात गाडी पुन्हा त्याच माळावर, तशीच जाम झाली.

ताईने आम्हाला बोलावले. म्हणाली, "तूच समजाव याला. माझे भिशीचे पैसे गेले ते गेले, पण हा अजून खोटे बोलतो." भाचा खाली मान घालून उभा होता. म्हणाला, "मामा, पाच लिटर पेट्रोलला दोनशे मिलिलिटर टू-टी ऑईल मी मोजून टाकतो. दोन्ही वेळा टाकले होते." आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. उलट काटकसर, जबाबदारी, आईचे कष्ट यावर त्याला अर्धा तास ऐकवले. सभेत बोलण्याची सवय असलेल्या माणसाला असे भाषण सुचायला वेळ लागत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑईलचे एवढे महत्त्व का, हे आधी समजून घेऊ. आजच्या बहुतेक गाड्या फोर-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनात ऑईल वेगळे साठवलेले असते व तेच फिरून फिरून सर्व भागांना वंगण देते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑईलमधून. हवा, पेट्रोल आणि ऑईल यांचे मिश्रण कार्बोरेटरमधून आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या चेंबरमध्ये ओढले जाते. पिस्टन खाली आला की ते दाबाने वर जाते व तिथे पेटते. गिअरचे ऑईल वेगळे असते, त्याचा पिस्टनशी संबंध नसतो. आर. एक्स. १०० ला मुळात ऑईलची वेगळी टाकी आणि छोटा पंप असतो. भाच्याच्या गाडीचा पंप आधीच्या मालकाने काढून टाकला होता, म्हणून त्याला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागे. साहजिकच इंजिन जाम झाले की पहिले बोट ऑईल टाकणाऱ्याकडे जाते.

आमच्या वस्तीच्या टोकाला एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. लुना, राजदूत, जुनी चेतक या टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस त्यांनी पाहिले आहेत. शेवटचा उपाय म्हणून गाडी त्यांच्याकडे नेली. आम्ही आपले "ऑईल टाकले नाही हो पोराने" म्हणून सुरुवात केली. चाचांनी हात वर करून आम्हाला थांबवले आणि भाच्याला विचारले, "बेटा, बंद पडायच्या आधी गाडी काय करत होती?"

भाचा म्हणाला, "रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली यायचे नाही. आपोआप चढलेलेच राहायचे. पहिल्या गॅरेजमध्येही सांगितले होते, पण ते म्हणाले केबल अडकत असेल."

दोन वेळा इंजिन जाम झाले, पण गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. आम्हीही नाही.

चाचांनी जाम इंजिनाला जबरदस्तीने किक मारली नाही. प्लग काढला, आत थोडे डिझेल सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी गिअर टाकून मागचे चाक हळूहळू पुढे-मागे हलवले तेव्हा पिस्टन सुटला. मग हेड व ब्लॉक काढून पिस्टन उजेडात धरला. तो कसा वाचायचा, हे त्यांनी आम्हाला दाखवले.

पिस्टनवर चार कोपऱ्यांत चार उभे ओरखडे असतील, तर पिस्टन व ब्लॉक यांच्यातली जागा कमी पडली किंवा थंड इंजिन एकदम ताणले, असे समजावे. हवा आत येते त्या बाजूला धुळीने घासल्यासारख्या रेषा असतील, तर फिल्टरमधून माती आत गेली. ऑईलच नसेल तर पिस्टन चौफेर घासलेला दिसतो, आणि खालचे बेअरिंगही कोरडे, तापून निळसर पडलेले सापडते. भाच्याच्या पिस्टनवर ओरखडे होते ते फक्त सायलेन्सरच्या बाजूला. तीच सर्वांत तापणारी बाजू. ॲल्युमिनियम वितळून रिंगांवर सारवले गेले होते. प्लगचे टोक पांढरेफटक होते. आणि खालच्या बेअरिंगला चाचांनी बोट लावले तेव्हा बोट तेलकट झाले.

"ऑईल टाकत होता पोरगा," चाचा एवढेच म्हणाले. आमची मान खाली गेली.

मग बिघाड कशाचा? पांढरा प्लग सांगत होता की इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत होते. अशा वेळी इंजिन फार तापते. पेट्रोल कमी म्हणजे त्यातून येणारे ऑईलही कमी. चाचांनी टाकीच्या कॉकमधून पेट्रोल बाटलीत सोडून पाहिले, धार भरपूर होती. कार्बोरेटर स्वच्छ होता, मेन जेट योग्य मापाचा होता, फिल्टर ठीक होता. याचा अर्थ जास्तीची हवा कार्बोरेटरमधून येत नव्हती. ती दुसरीकडून कुठूनतरी आत शिरत होती. रेस सोडल्यावरही इंजिन चढलेले राहते, त्याचे एक कारण हेच असते.

ताई तिथे उभी होती. चाचांनी तिला विचारले, "कुकरची रिंग कडक झाली की काय होते?" ती म्हणाली, "शिटी होत नाही, वाफ बाजूने जाते." चाचा म्हणाले, "तसेच आहे हे. फक्त इथे बाहेरची हवा आत येते."

आता गळती शोधायची. त्यासाठी चेंबरमध्ये थोडा दाब भरून तो टिकतो का, हे पाहावे लागते. दाब फार चालत नाही, नाहीतर चांगले सीलही बाहेर फेकले जाते. चाचांनी विचारले, "भाऊ, तुमच्या मंडळाकडे ब्लडप्रेशर तपासायचे मशीन आहे ना?" आम्ही चक्रावलो. पण हिशेब सरळ होता. त्या यंत्राचा काटा ३०० मिलिमीटरपर्यंत जातो. गॅरेजच्या भाषेत तो दाब सुमारे ५.८ पौंड होतो, आणि टू-स्ट्रोकच्या चेंबरची तपासणी साधारण ६ पौंडावरच करतात. मंडळाच्या सहकाऱ्यांना विचारून, नोंदवहीत रीतसर नोंद करून आम्ही यंत्र नेले. नोंदवहीत "रुग्णाचे नाव" या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडला. शेवटी "मोटारसायकल" असे लिहिले.

चाचांनी नवे पॅकिंग घालून जुनाच पिस्टन व ब्लॉक तात्पुरता बसवला. सायलेन्सरचे तोंड सायकलच्या ट्यूबचे रबर व पत्री लावून बंद केले. कार्बोरेटरच्या जागी रबरी बूच बसवून त्यातून नळी घेतली. तिला यंत्राचा फुगा व काटा जोडला. फुगा दाबत काटा ३०० वर नेला. चांगल्या इंजिनात तो सहा मिनिटे जवळपास तिथेच राहायला हवा. इथे तो अर्ध्या मिनिटात शून्यावर आला. मग भाच्याने सांध्यासांध्याला साबणाचे पाणी लावले. हेडला बुडबुडे नाहीत, ब्लॉकखालच्या पॅकिंगला नाहीत. मॅग्नेट ओढून काढला आणि क्रँकच्या टोकाशी असलेल्या ऑईल सीलवर पाणी सोडले, तर तिथे फेस उसळला! वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाडीतले ते रबर वाळून चामड्यासारखे कडक झाले होते.

एका सीलची किंमत ती किती! पाहुण्यांच्या चहा-फराळाला त्याहून जास्त खर्च येतो. तेवढ्यासाठी ताईचे हजारो रुपये गेले आणि मुलावर खोटेपणाचा आरोप आला.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. ताळेबंद जुळत नसला की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून वेळ मारून नेता येते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. पण चुकलेली नोंद तशीच राहते व पुढच्या वर्षी पुन्हा डोके वर काढते. पहिल्या दुरुस्तीत तेच झाले. पिस्टन नवा आला, कारण जुनेच राहिले. आणि ब्लॉकला बोअर कितीही वेळा मारता येत नाही. या गाडीचा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. जास्त मापाचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात, आणि एक मिलिमीटर वाढला की ब्लॉकची मजल बहुधा संपते. निष्काळजीपणाने मारलेला प्रत्येक बोअर ब्लॉकचे आयुष्य खातो.

पुढची दुरुस्ती चाचांनी क्रमाने केली. ॲल्युमिनियमचे कण आत गेले असणार, म्हणून चेंबर उघडून स्वच्छ धुतला. उघडलाच आहे म्हणून दोन्ही बाजूंची सील बदलली. पिस्टन आधी विकत आणला, मग त्याच्या मापाने लेथवाल्याकडून बोअर मारून घेतला. बोअर मारल्यावर ब्लॉकमधल्या खिडक्यांच्या कडा धारदार होतात व त्यात रिंग अडकते, म्हणून त्या भाच्याकडून हाताने गुळगुळीत करून घेतल्या. रिंगांच्या टोकांमधले अंतर फीलर गेजने मोजले. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे ठेवला. पिनेच्या क्लिपा नव्या घातल्या, आणि क्लिप चेंबरमध्ये पडू नये म्हणून तोंडावर फडके अंथरले. सर्व बसवल्यावर पुन्हा ब्लडप्रेशरचे यंत्र जोडले. सहा मिनिटे आम्ही घड्याळ धरून बसलो. काटा जवळजवळ हललाच नाही. त्यानंतरच किक मारली.

पहिले पाचशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची, एकसारखी ताणायची नाही, असे चाचांनी बजावले. भाच्याने ते पाळले. आता माळावरून आल्यावर पंखांमध्ये अडकलेली माती तो आधी काढतो, कारण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती माती गोधडीसारखी उबवते. प्लगचा रंग पाहतो, वहीत लिहून ठेवतो. सरावाला सुट्टी असली की चाचांच्या हाताखाली काम शिकतो.

यंत्र पुसून, रबराची नळी धुऊन आम्ही मंडळात परत केले. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत पहिला नंबर ताईचा लागला. यंत्राचा पट्टा दंडाला बांधताना ती म्हणाली, "आता माझा काटा तरी नीट दाखव." त्याच बैठकीत, सर्वांसमोर, आम्ही भाच्याची माफी मागितली. तो लाजला व म्हणाला, "जाऊ द्या मामा." परंतु जाऊ देण्यासारखी ही गोष्ट नव्हे. घरात काही बिघडले, कोणी नापास झाले, पैसे कमी भरले, की आपण आधी माणूस पकडतो. चाचांनी आधी विचारले, मग पाहिले, मग मोजले, आणि सर्वांत शेवटी पाना हाती घेतला. आम्ही मात्र सुरुवातच निकालाने केली होती.