नकाशावरची तुटक रेघ

गावाकडे जमीन असलेल्या आमच्या नातेवाइकांना हे नव्यानं सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या मंडळींसाठी सांगतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा काढला की त्यावर तुटक रेघा दिसतात. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. जिथून बैलगाडीसुद्धा जात नाही अशी, माणसांनी चालून चालून पाडलेली वाट. पण सरकारी नकाशावर तिला जागा आहे! शेताकडे जाणारी अशी वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. निकाल लागेपर्यंत चपला झिजतात, तो भाग वेगळा.

आता पुण्याचा विकास आराखडा बघा. त्यात ९ मीटरचा रस्ता आहे, १२चा आहे, २४चा आहे. शाळा, बाग, दवाखाना यांची आरक्षणं आहेत. पायवाटेची रेघ काही मला त्यात सापडली नाही. म्हणजे गावाचं शहर झालं की गाडीवाटेचा डांबरी रस्ता होतो, आणि पायवाट गुपचूप कुणाच्या तरी प्लॉटच्या पोटात जाते.

"अहो, पण फुटपाथ आहेत की!" आहेत. २०१६ साली महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ ऐसपैस झाले, मला ते मनापासून आवडतात. पण फुटपाथ म्हणजे रस्त्याचं शेपूट. रस्ता जाईल तिकडेच तो जाणार. चालणाऱ्याला हवा असतो जवळचा रस्ता. गाडीवाल्याला एक किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन-तीन मिनिटं, पायी माणसाला पंधरा.

आमच्याच भागातलं सांगतो. दोन सोसायट्यांच्या मधून एक बोळ होता. आई त्यातून पाच मिनिटांत मंडईत पोचायची. एका सोसायटीनं तिथं फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. आता मोठ्या रस्त्यानं वळसा, वर सहा पदरी रस्ता ओलांडायचा. चौऱ्याहत्तरीच्या बाईनं तो कसा ओलांडायचा? तिनं जाणंच सोडलं. भाजी फोनवर मागवली की घरपोच येते, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? पण वाटेत भेटणाऱ्या दोघीतिघी आणि भाजीवालीशी घासाघीस, हे काही घरपोच येत नाही.

सोसायटीवाल्यांचंही अगदीच चूक नाही. चोऱ्या झाल्या होत्या. मग रात्री दहा ते पहाटे पाच लावा ना कुलूप! पण तशी अट घालायची तर आधी ती वाट आहे हे कुठंतरी नोंदलेलं हवं. सगळं घोडं तिथंच अडतं.

जुन्या पेठांमध्ये वाड्याच्या पुढच्या दारानं शिरून मागच्या बोळात निघता यायचं. लिहून कुणीच ठेवलं नव्हतं. वाडे पाडून इमारती झाल्या, तशा त्या वाटाही गेल्या.

वेताळ टेकडीचंही तेच. बालभारती ते पौड फाटा या साधारण दोन किलोमीटरच्या रस्त्याची रेघ आराखड्यात आहे, म्हणून त्यावर वर्षानुवर्षं चर्चा, अहवाल, कोर्टकचेऱ्या. २०२३ साली त्याविरुद्ध लोक मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले. टेकडीवर रोज पहाटे माणसांची रीघ असते, पण ती ज्या वाटांवरून चालते त्यांची रेघ नाही. त्यामुळे रस्त्याच्या बाजूनं बोलणाऱ्याच्या हातात नकाशा, आणि चालणाऱ्यांच्या हातात काय, तर फलक!

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९च्या कायद्यानं कौंटी कौन्सिलांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. लोक एखादी वाट सलग वीस वर्षं उघडपणे, बिनविरोध वापरत असतील, तर ती सार्वजनिक मानली जाऊ शकते. साहेबाचं सगळंच उचलतो, हेही उचलायला हरकत नव्हती. किंवा साहेब राहू द्या, आपल्याच गावनकाशातली एकेरी तुटक रेघ शहरात आणा, झालं.

असो. मी प्रभागाच्या नकाशाची मोठी झेरॉक्स काढून त्यावर लाल पेनानं आमच्या भागातल्या सहा वाटा काढल्या आहेत. त्यांतल्या चार अजून चालू आहेत. सोमवारी तो कागद अर्जासोबत क्षेत्रीय कार्यालयात देतोय, पोच घेऊन. तुमच्याकडच्या वाटा कळवल्यात तर त्याही जोडतो.