रसिक की सभासद? : पुण्याच्या फुटबॉलचा राहिलेला हिशेब

साहित्य आणि समीक्षेच्या चर्चेत फुटबॉल कशाला, असा आक्षेप येणार हे गृहीत धरूनच आम्ही लिहीत आहोत. आक्षेप जुनाच आहे. खेळ ही करमणूक, त्यावरचे वाद हा रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि मराठीच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी दखल घ्यावी असे त्यात काही नाही, हा त्याचा आशय. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. शहराच्या नावाने चालणाऱ्या संस्थेची मालकी कोणाकडे असावी, तिच्यात येणाऱ्या पैशाचा हिशेब कोणी मागावा, आणि प्रेक्षकाला टाळ्या वाजवण्यापलीकडे काही अधिकार असतो की नाही, हे प्रश्न बालेवाडीच्या गॅलरीत बसणारी मंडळी अनेक वर्षे विचारत होती. ते ऐकून घेण्याची तसदी या शहराच्या बोलक्या वर्गाने घेतली नाही. परिणाम सर्वांसमोर आहे.

आधी वस्तुस्थिती. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी हा क्लब स्थापन केला. २००९-१० पासून तो आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातील सर्वोच्च स्पर्धेत खेळू लागला आणि २०१२-१३ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली उपविजेता ठरला. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आली. मालक वाधवान समूह, सोबतीला चित्रपटतारे. त्याच वर्षाच्या अखेरीस कल्याणी समूहाचा भारत एफसी अवतरला. २०१५-१६ मध्ये बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या डीएसके शिवाजियन्सला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. आता उलट बाजू पाहा. भारत एफसी एक हंगाम खेळून २०१५ मध्ये मिटला. पुणे एफसीनेही त्याच वर्षी गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर दिसेनासा झाला. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात कुलकर्णी यांना अटक झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पाच वर्षांच्या आत चार क्लब गेले, आणि त्यांपैकी एकही मैदानावर हरला म्हणून गेला नाही.

हे चार मालक कोण होते, याकडेही पाहण्यासारखे आहे. कल्याणी समूह लोखंड घडवणारा; उरलेल्या तिघांचे लागेबांधे कमीअधिक प्रमाणात जमिनीच्या आणि घरांच्या धंद्याशी. घरे बांधणाऱ्यांनी आणि घरांसाठी कर्जे देणाऱ्यांनी काढलेल्या या क्लबांना स्वतःचे घर मात्र नव्हते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शासनाने उभारलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल हेच त्यांचे मैदान, आणि तेही भाड्याचे. भाडेकरूने खोली सोडावी इतक्या सहजपणे ते निघून गेले.

आता त्या वादांकडे वळू. फुटबॉलप्रेमींचा पहिला वाद असे तो खेळाडूंच्या भरतीचा. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटीने दाव्हिद त्रेझेगेला आणले. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला, २००० च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना सुवर्णगोलाने जिंकून देणारा हा खेळाडू पुण्यात आला तेव्हा सदतिशीला टेकला होता. पुढच्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू आला, तोही छत्तिशीचा. २०१६ मध्ये आइसलंडच्या गुडयॉनसनचे नाव जाहीर झाले. दुखापतीमुळे तो एकही सामना खेळला नाही. पहिल्या तिन्ही हंगामांत संघ उपान्त्य फेरीपर्यंतही पोचला नाही. ‘नावे विकत घेतली, संघ घेतला नाही’ ही गॅलरीतली तक्रार कोणी हसण्यावारी नेली असेल. पण ती टीका म्हणून तपासून पाहिली तर तिच्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. जाहिरातीसाठी केलेली निवड आणि रचनेसाठी केलेली निवड यांत ती फरक करते. ज्यांनी संपादक म्हणून एखाद्या दिवाळी अंकाचे काम पाहिले आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागू नये. मुखपृष्ठावर मोठी नावे आणि आत उरकलेला मजकूर, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही.

उलट बाजूने पुरावाही होता. पुणे एफसीने मामुर्डीला निवासी अकादमी चालवली आणि तिच्या मुलांनी वयोगटांतील राष्ट्रीय स्पर्धा एकाहून अधिक वेळा जिंकल्या. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला, काही काळ स्पेनमधील व्हियारेआलकडे शिकून आला आणि पुढे भारतीय संघात पोचला. २०१६ मध्ये ही अकादमी एफसी पुणे सिटीने आपल्याकडे घेतली. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि अल्फारो या परदेशी आघाडीवीरांना आशिकसारख्या तरुणांची जोड मिळाली, आणि क्लबने आपल्या इतिहासात प्रथमच आणि शेवटची उपान्त्य फेरी गाठली. पुण्यातला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. बंगळूरला सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी स्वप्न संपवले. पराभवाचे दुःख होतेच. पण दिशा बरोबर आहे, असे म्हणण्याजोगे काही त्या एका हंगामात घडले होते.

दुसरा वाद व्यवस्थापनाचा. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन : पाच हंगामांत सहा मुख्य प्रशिक्षक. उपान्त्य फेरी गाठून देणारे पोपोविच पुढच्या हंगामात नव्हते, आणि त्यांच्या जागी आलेल्या पोर्तुगाल यांना तीन सामन्यांनंतर दूर केले गेले. प्रत्येक प्रशिक्षक आपली पद्धत आणतो, आपल्या पसंतीचे खेळाडू मागतो, आणि तो गेला की ते खेळाडू पुढच्याला नकोसे होतात. हे ओळखायला फुटबॉलचे शास्त्र लागत नाही. दर दोन वर्षांनी अभ्यासक्रम बदलणारी विद्यापीठे ज्यांनी सोसली आहेत, त्यांना यातला नाश सहज कळेल.

तिसरा वाद पैशाचा, आणि तोच सर्वांच्या मुळाशी आहे. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क ७०० कोटी रुपयांना पंधरा वर्षांसाठी रिलायन्स आणि आयएमजी यांच्याकडे सोपवले. त्यातून जन्मलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये क्लब म्हणजे मालकाने घेतलेली फ्रँचायझी. आरंभीची अनेक वर्षे तेथे पदावनती नव्हती आणि खालून वर येण्याचा मार्गही नव्हता. म्हणजे मैदानावरील गुणवत्तेने क्लब मरत नसे. मालकाच्या ताळेबंदाने मात्र मरत असे. वाधवानांची डीएचएफएल २०१९ मध्ये देणी थकवू लागली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, पुण्याचा संघ नाहीसा झाला होता. गृहकर्जाच्या धंद्यातील वादळाचा पहिला तडाखा अकादमीत शिकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना बसावा, ही कोणती व्यवस्था? आणि हा आजार पुण्यापुरता नव्हता. हैदराबादने २०२१-२२ ची स्पर्धा जिंकली, पण दोनच वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, आणि २०२५ मध्ये नव्या मालकांनी क्लब दिल्लीला नेला. शहराचे नाव दुकानावरच्या पाटीसारखे उतरवता येते, हे एव्हाना दोनदा सिद्ध झाले.

आता मुख्य आरोपाकडे येतो. २०१९ मध्ये पुणे गप्प होते. साहित्य परिषदेच्या निवडणुकीवरून महिनोन्‌महिने पत्रकयुद्ध खेळणारे, संमेलनाध्यक्षाच्या निवडीवर मुद्द्यांपासून गुद्द्यांपर्यंत जाणारे, गणेश मंडळाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब मागणारे हे शहर. त्याच्या नावाचा क्लब उचलून नेला गेला तेव्हा चार फुटबॉलवेडे हळहळले, आणि संपले. असे का व्हावे?

आमच्या मते याचे मूळ आपल्या ‘रसिक’ या संकल्पनेत आहे. रसिकाने आस्वाद घ्यावा, दाद द्यावी आणि मागे कशाचा काय खर्च झाला हे विचारू नये, अशी आपली शिकवण. विचारणारा तो अरसिक. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात प्रेक्षकांनी बालगंधर्वांवर जिवापाड प्रेम केले. अत्तरांची आणि भरजरी शालूंची वर्णने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. कंपनी कर्जात बुडत गेली हेही त्याच हळव्या सुरात सांगितले, जणू कर्ज हाही नाटकातलाच एखादा करुण अंक असावा. ‘मायबाप’ म्हणवून घेणाऱ्या त्या प्रेक्षकाला घरच्या कारभारात मात्र मत नव्हते. आजचा ‘चाहता’ हा त्याचाच वारस आहे. शब्दच पाहा : चाहणे एवढेच त्याचे काम. संघाच्या रंगाचा सदरा विकत घ्यावा, ढोल वाजवावा आणि क्लब गेला की आठवणी काढाव्यात.

याला पर्याय असणारा शब्द मराठीत आहे, आणि तो परका नाही. तो शब्द ‘सभासद’. सभासद वर्गणी भरतो म्हणून प्रश्न विचारतो. वार्षिक सभेत उठून उभा राहतो. अहवालातील आकड्यावर बोट ठेवतो. कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांतून आणि तालमींतून उगवले. तेथील फुटबॉलचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. शाहू स्टेडियमवरील हाणामाऱ्या, ईर्ष्येपोटी बाहेरून आणलेले खेळाडू, पुढाऱ्यांचा वरदहस्त हे सर्व तेथे आहे. पण एक गोष्ट तेथे होऊ शकत नाही. पाटाकडील तालीम हैदराबादला हलवता येत नाही. ती ज्यांची आहे ते त्याच पेठेत राहतात, आणि संघ हरला की जाब विचारायला पदाधिकाऱ्याच्या दारात जाऊ शकतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा : पैसा मालकाचा, तर निर्णयही मालकाचा. हा आक्षेप खरा असता, जर क्लब ही निव्वळ मालकाच्या पैशाने बनलेली वस्तू असती. परंतु मैदान शासनाचे, नाव शहराचे, आणि गॅलरीतला तो आवाज, ज्याच्या जोरावर जाहिराती विकल्या जातात, तो प्रेक्षकांचा. एवढे भागभांडवल ज्यांनी घातले त्यांना एकही मत नसावे, हा कोणता न्याय? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सभासदांच्या हाती दिले म्हणजे कारभार सुधारतो असे नाही. हे आम्हांस मान्य आहे. सहकारी बँकांत ठेवी अडकलेल्या पुणेकरांपुढे सहकाराचे स्तोत्र म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सभासदांच्या मालकीच्या बार्सिलोनाने एवढी उधळपट्टी केली की २०२१ मध्ये मेस्सीलाही तिला ठेवून घेता आले नाही. जर्मनीत १९९८ पासून बहुतांश क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे राहावे असा नियम आहे, आणि तेथेही लाइपझिगसारख्यांनी मूठभर सभासद करून पळवाट काढली. पण फरक असा की बार्सिलोना बार्सिलोनातच राहिली. चूक झाली, अध्यक्ष बदलले, भांडण चालू राहिले. भांडण चालू राहणे हेच संस्था जिवंत असल्याचे लक्षण होय.

संघटित प्रेक्षक काय करू शकतो याचा दाखला दूर शोधायला नको. २०२० मध्ये मोहन बागान आणि एटीके यांचे एकत्रीकरण झाले आणि १९११ ची शील्ड जिंकणाऱ्या क्लबच्या नावामागे तीन परकी अक्षरे चिकटली. समर्थकांनी ती काढण्यासाठी सतत मोहीम चालवली. २०२३ मध्ये मालकांना नाव बदलावे लागले. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तेथील समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून चढत तो व्यावसायिक लीगमध्ये नेला. पुण्यात हे अशक्य होते असे मानायला आम्ही तयार नाही. ज्या शहरात वाचनालये, शिक्षणसंस्था, जिमखाने लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले, त्या शहराला फुटबॉलपुरते तेवढे कसे विसरायला झाले?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पुन्हा कोणी पुण्याच्या नावाने क्लब काढील तेव्हा शासनाने बालेवाडीचे मैदान काही अटींवरच द्यावे. दरवर्षीचा जमाखर्च जाहीर व्हावा. खेळाडूंच्या एका हंगामाच्या पगाराइतकी रक्कम आधीच वेगळी ठेवलेली असावी. अकादमी स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे असावी, म्हणजे मालक बुडाला तरी मुले रस्त्यावर येणार नाहीत. आणि नाव, रंग किंवा शहर बदलण्याच्या निर्णयाला नोंदणीकृत सभासदांची संमती आवश्यक असावी. २०१० चा तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला आहे. भारतीय फुटबॉलची घडी नव्याने बसवली जात असताना या गोष्टी बोलायच्या नाहीत, तर कधी बोलायच्या?

आणि साहित्याच्या अभ्यासकांना एक विनंती. समीक्षा म्हणजे केवळ कलाकृतीचे रसग्रहण नव्हे, हे आपण वर्गात शिकवतो. निर्मितीमागील आर्थिक संबंध, संस्थांची सत्ता, वाचकाचे स्थान यांवर आपण प्रबंध लिहून घेतो. तीच समीक्षा आपल्याच शहरात, आपल्याच भाषेत, तिकीट काढून आलेल्या माणसांनी केली तेव्हा तिला गोंगाट म्हणून बाजूला सारणे हा निव्वळ वर्गीय तोरा आहे. त्यांच्या प्रश्नांत आपले प्रश्न होते. प्रकाशक बंद पडतो, मासिक मिटते, नाट्यगृहाचे भाडे वाढते, तेव्हा आपणही हळहळण्यापलीकडे काय करतो? रसिक म्हणून आपण सगळे उत्तम आहोत. सभासद व्हायला कोण तयार आहे, एवढेच आम्ही विचारतो.