जोयड्याच्या विद्यार्थ्याला सल्ला कोण देणार?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा मार्गदर्शक निर्देश दिले. संसद किंवा विधिमंडळे याविषयी कायदा करीत नाहीत तोवर हे निर्देश देशभरातील शैक्षणिक संस्थांवर बंधनकारक राहणार आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडून ठेवावेत, अशी त्यातील तरतूद आहे. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण आणि विद्यार्थी व पालक या दोघांसाठी नियमित करिअर समुपदेशन, यांचाही त्यात समावेश आहे.

या निर्देशांमागे गंभीर आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 2,248 मृत्यूंचे कारण परीक्षेतील अपयश असे नोंदले गेले. याचाच अर्थ, बहुसंख्य मृत्यूंची कारणे परीक्षेच्या पलीकडे होती. गोव्यालाही हा विषय परका राहिलेला नाही. झुआरीनगर येथील बिट्स पिलानीच्या आवारात डिसेंबर 2024 नंतर एकापाठोपाठ एक झालेल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनी राज्य हादरले. चर्चा झाली ती प्रामुख्याने मोठ्या, निवासी, स्पर्धात्मक संस्थांची. आपल्या सीमेला लागून असलेल्या डोंगराळ मुलखातून येणारा विद्यार्थी त्या चर्चेत फारसा दिसला नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका अनमोड घाटाने गोव्याशी जोडलेला आहे. पूर्वीचा हा सुपे तालुका. काळी नदीवरील धरणात सुपे गाव बुडाले आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगर येथे वसली. 2011 च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास. मोठा भूभाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने व्यापलेला. वस्त्या विखुरलेल्या, बससेवा तुटपुंजी. येथील मुलांचे पदवी शिक्षण तालुक्यात, दांडेलीत किंवा हल्याळात होते. पुढे कोणी धारवाडची वाट धरतो, कोणी कारवारची, तर कोणी गोव्याची.

अशा मुलाच्या अडचणींची सुरुवात भाषेपासून होते. घरात कोकणी, बाजारात मराठी, शाळेत बहुधा कन्नड आणि विद्यापीठात इंग्रजी. चार भाषांतून वाट काढणारा हा विद्यार्थी बुद्धीने कमी नसतो, मात्र पहिल्या सत्रात तो मागे पडण्याची शक्यता अधिक असते. घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसेल, तर एखादा विषय राहिला म्हणजे नेमके काय होते, पुनर्परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, विषय बदलता येतो का, हे सांगणारे कोणी नसते. कार्यालयाच्या खिडकीवर मिळालेले एक तुटक उत्तर अशा मुलाचे शिक्षण थांबवू शकते.

त्यात दोन राज्यांच्या दोन शिक्षणपद्धतींची भर पडली आहे. गोवा विद्यापीठाने 2023-24 पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम स्वीकारला. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा त्यात आहे. कर्नाटकाने चार वर्षांची रचना आधी स्वीकारली आणि 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे मोर्चा वळवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे, तर तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे होऊ शकते. चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांसह मिळवणाऱ्याला थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो. घाटाच्या अलीकडे शिकावे की पलीकडे, हा निर्णय घेताना हा हिशेब समजणे आवश्यक आहे. तो समजावून सांगणे हे करिअर समुपदेशनाचेच काम आहे.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न तर याहून बिकट. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. जोयड्यातील कुणबी समाजाची तशीच मागणी अनेक वर्षांची असूनही कर्नाटकात ती प्रलंबित आहे. परिणामी, एकाच चालीरीतीच्या आणि एकाच बोलीच्या दोन मुलांपैकी सांगे-केपेतील मुलाला जमातीची शिष्यवृत्ती व आरक्षण मिळते, जोयड्यातील मुलाला मिळत नाही. गोव्यात प्रवेश घेतला म्हणून हा दर्जा त्याला लागू होत नाही, कारण जमातीच्या याद्या राज्यनिहाय असतात. ही गोष्ट प्रवेशाआधी कळली, तर कुटुंब खर्चाची वेगळी तजवीज करू शकते; शुल्क भरण्याच्या शेवटच्या दिवशी कळली, तर तो मुलगा मुकाट्याने गावी परततो. नोंदवहीत त्याची नोंद केवळ ‘गैरहजर’ अशी होते.

अभ्यास, भवितव्य आणि मन अशी तीन खाती आपण कागदावर वेगळी केली आहेत. विद्यार्थ्याच्या आयुष्यात ती एकमेकांत गुंतलेली असतात. शिष्यवृत्ती अडली की खोलीचे भाडे थकते, भाडे थकले की तो अर्धवेळ काम धरतो, कामामुळे हजेरी घटते, हजेरीमुळे परीक्षेला बसता येत नाही आणि मग झोप उडते. यातील शेवटच्या टप्प्यावर समुपदेशकाची आठवण करणे म्हणजे पूर ओसरल्यावर बांध घालण्यासारखे आहे. शिवाय ‘समुपदेशन’ हा शब्द उच्चारताच ‘आमच्या मुलाला वेड लागले आहे का?’ असा प्रश्न येणाऱ्या घरांची संख्या आजही लहान नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी त्याच खोलीत गेलेला मुलगा मनातले बोलण्यासाठी दुसऱ्यांदा जाण्यास कचरणार नाही.

न्यायालयाचा शंभर विद्यार्थ्यांचा निकष या दृष्टीने तपासला पाहिजे. पटसंख्या कमी असलेल्या ग्रामीण संस्थेला पूर्णवेळ समुपदेशक नेमण्याची सक्ती नाही. तज्ज्ञांशी संबंध जोडणे पुरेसे आहे. शहरात याचा अर्थ दहा मिनिटांचा प्रवास. जोयड्याहून धारवाडची मानसिक आरोग्य संस्था असो वा बांबोळीची मानसोपचार संस्था, जाऊन परतण्यात दिवस मोडतो. तेथील लहान संस्थेचा असा करार कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात निरुपयोगी ठरण्याचा धोका आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि अनेक भारतीय भाषांत बोलते. परंतु जंगलातील वस्तीत मोबाइलला रेंज नसेल, तर तिथे हा क्रमांकही थिटा पडतो.

मग करायचे काय? पहिले, समुपदेशकाच्या भेटी ठरावीक वारी आणि तालुक्यातच व्हाव्यात. आसपासच्या लहान संस्थांनी मिळून एक समुपदेशक वाटून घेणे अशक्य नाही. दुसरे, तो कोकणी किंवा मराठीत बोलू शकणारा असावा. दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. तिसरे, गोव्यातील महाविद्यालयांनी सीमेपलीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाआधीच दाखले, शुल्क, शिष्यवृत्ती आणि अभ्यासक्रमातील फरक यांची माहिती मराठी-कोकणीत द्यावी. चौथे, गोवा विद्यापीठ आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ यांनी या प्रश्नी एकत्र बसावे. पाण्यावरून दोन राज्यांत वाद आहेत. विद्यार्थ्यांच्या हितावरून वाद होण्याचे कारण नाही.

हा प्रश्न कर्नाटकाचा आहे असे म्हणून गोव्याला हात झटकता येणार नाहीत. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण येथील दुर्गम वाड्यांतून येणाऱ्या मुलांची अवस्था जोयड्यातील मुलांहून फार निराळी नाही. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळाले, ही जमेची बाजू. मात्र शाळेत लागलेला हा आधार महाविद्यालयाच्या दारात सुटू नये. निर्देशांच्या पूर्ततेचा अहवाल पाठवताना ‘समुपदेशक नेमला’ एवढे लिहून प्रशासन मोकळे होईल. खरी कसोटी वेगळी आहे: पहिल्या वर्षी दाखल झालेल्या दुर्गम भागातील मुलांपैकी किती जण तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचले आणि जे पोहोचले नाहीत त्यांची विचारपूस कोणी केली? प्रत्येक महाविद्यालयाने ही दोन उत्तरे दरवर्षी जाहीर करावीत.