रंगावरून हळदीची पारख नको



‘रंग जितका गडद, तितकी हळद गुणी’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान दिशाभूल करणारे आहे. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीवरही त्यामुळे अन्याय होतो.

हळदीचा अल्कोहोलमधील अर्क किती प्रकाश शोषतो, हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर सुमारे ४२५ नॅनोमीटरला मोजतात. पण तो आकडा एकट्या कर्क्युमिन या हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याचा नसतो. डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी ही त्याची भावंडेही त्यातच मोजली जातात. शिवाय खाद्यपदार्थांत मनाई असलेला मेटॅनिल यलो हा रंगही अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि जवळपास तोच प्रकाश शोषतो. म्हणजे भेसळीनेही आकडा फुगतो, आणि अशी भेसळीची पूड लहान मुलांच्या दुधात जाते! घटक वेगवेगळे मोजणारी एचपीएलसी चाचणीच इथे हवी.

चाचणीसाठी काढलेला अर्कही अंधारात ठेवावा. उजेडात कर्क्युमिनचे विघटन होते.

— एक वाचक