प्रिंटमेकिंग घेणाऱ्या पोराला हसू नका

बीएफएला गेलेल्या आपल्या पोरांना घरचे सांगतात, अप्लाइड आर्ट घे, नोकरी लागेल. सल्ला चुकीचा नाही, पोटाचा प्रश्न खराच आहे. पण प्रिंटमेकिंगला 'छापखान्यातलं काम' म्हणून हसणं आंबेडकरी घराला शोभत नाही. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, पुढे स्वतःचा छापखाना उभारला. नागपूरचे सवी सावरकर बडोद्यात प्रिंटमेकिंग शिकले आणि पेशवाईतला गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य त्यांनी एचिंगमध्ये उभा केला.

एक गोष्ट मात्र वर्गात डोळे उघडे ठेवून शिका. मोजक्या प्रती काढायच्या, क्रमांक घालायचे, मग प्लेटवर रेघ मारून ती बाद करायची. प्रत दुर्मीळ तर भाव जास्त, हा गॅलरीचा हिशेब. आपल्याला तो कशाला? एका ठशातून शेकडो प्रती निघतात, म्हणून तर हे माध्यम आपलं. झिंक प्लेट महाग पडते, लिनो त्यामानाने परवडतो. प्रेस नसेल तर चमच्याच्या पाठीने घासूनही छाप उठतो. अक्षरं उलटी कोरावी लागतात, पहिल्यांदा चुकतातच.

येत्या १४ एप्रिलला एक फ्लेक्स कमी लावा आणि त्या वर्गणीतून वस्तीतल्या अशा एखाद्या पोरीला लिनो, रोलर आणि शाई घेऊन द्या.