गावानं आधीच ठरवून ठेवावं



मुकुंदवाडीच्या शेजारीच चिकलठाण्याचा विमानतळ आहे. 26 एप्रिल 1993 रोजी भर दुपारी मुंबईला निघालेलं विमान धावपट्टी सोडताच बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. आत 118 जण होते. 55 गेले, 63 वाचले. वैमानिकांनी विमान उशिरा उचललं आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहनं रोखली नव्हती, हे चौकशीत निघालं.

आपण कुठं विमानात बसतो, असं म्हणू नका. वऱ्हाडाचा टेम्पो आपलाच असतो, ऊसतोडीची ट्रॉलीही आपलीच. दवाखान्याची गाडी येईतो जखमींपाशी असतात ती बांधावरची माणसं. म्हणून एवढं ध्यानात ठेवा.

तारा तुटल्या असतील तर वीज बंद झाल्याची खात्री होईतो जवळ जाऊ नका.

108 ला फोन करून गाव, रस्ता आणि जखमी किती ते सांगा.

जो ओरडतो आहे त्याचा श्वास तरी चालू आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी पाहा. रक्त वाहत असेल तर धुतलेलं कापड घट्ट दाबून धरा. हळद, माती लावू नका, पाणी पाजू नका. मानेला-पाठीला मार असेल तर आगीचं भय असल्याखेरीज हलवू नका. हलवावंच लागलं तर फळीवर, मान सरळ धरून.

खरचटलेला माणूस पायानं चालत येऊन पहिल्या जीपमध्ये बसतो आणि मरणाच्या दारातला मागे राहतो. असं होऊ देऊ नका. घाटीत कोणाला, जवळच्या दवाखान्यात कोणाला, हे डॉक्टर सांगतील तसं करा.

“पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?” असं पुष्कळजण म्हणतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आहे. अपघातातल्या जखमीला चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव-गाव सांगायची सक्तीही नाही.

येत्या ग्रामसभेत ठरवा: जीप कोणाची, बॅटरी कोणाकडे, वीज कोण बंद करवणार, बघ्यांना हटवून रस्ता मोकळा कोण ठेवणार. कागद पंचायतीच्या भिंतीला लावा. पाऊस पडल्यावर आपण बियाणं शोधत हिंडत नाही. ते आधीच घरात आणलेलं असतं. हेही तसंच समजा.