लिंबावरचा खैऱ्या आणि दुसऱ्याच्या हातातला पंप



आज थोडं कडू बोलणार आहे. निमित्त आमच्या शिवऱ्याच्या परसातल्या कागदी लिंबाचं.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर तपकिरी, खरखरीत, उंचवट्याचे ठिपके उठले. भोवती पिवळी कडा. मग फांद्यांवर आणि लिंबांवरही तेच. जाऊबाई म्हणाल्या, "कीड लागली, औषध मारून घ्या." कीटकनाशकाची बाटली आली. फवारायला गावातला एक मुलगा बोलावला. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. संध्याकाळी तो ओकत होता. दुसऱ्या दिवशी झाडाखाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. आणि ठिपके? जसेच्या तसे!

कारण तो खैऱ्या होता. हा रोग जिवाणूंचा, किडीचा नव्हे. कीटकनाशकाने तो जात नाही. मी बी.कॉम. झालेली बाई. व्हाउचर पाहिल्याशिवाय खर्च टाकायचा नाही, हे मला शिकवलं होतं. इथे मात्र रोग न ओळखताच जीवांचा खर्च टाकला. आपल्याकडे याला नाव आहे, अनर्थदंड. विनाकारण केलेली हिंसा.

जाऊबाईंचं उत्तर तयार होतं, "आपण कुठे मारलं? फवारलं त्याने." हे वाक्य मी आपल्या कितीतरी घरांत ऐकते. बागेत माळी आणि घरात पेस्ट कंट्रोलवाला, म्हणजे आपले हात स्वच्छ! मग कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपण प्रतिक्रमणात कशासाठी म्हणतो? पैसे आपण दिले, बाटली आपण आणली, धूर मात्र त्याच्या छातीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते ऐकून हळहळणाऱ्या आपणच, परसात मोज्यांशिवाय पोरगा उभा करतो.

दुसरं टोक माझ्या एका मैत्रिणीचं. "फांदी छाटणं हीसुद्धा हिंसाच, झाडाचं जे व्हायचं ते होऊ द्या." ताई, आपण साध्वी नाही, श्राविका आहोत. आपण रोज भाजी चिरतो. स्थावराची हिंसा मर्यादेत ठेवायची आणि त्रस जीवांना जाणून मारायचं नाही, हे आपलं अणुव्रत. शिवाय पावसाचे शिंतोडे आणि वारा हा रोग शेजारच्या झाडावर नेतात. काही न करणं म्हणजे अहिंसा नव्हे, तो प्रमाद.

मग करायचं काय? आधी पान हातात घेऊन बघा. पानावर चंदेरी नागमोडी रेषा असतील तर ती नागअळी, तिच्या जखमांतून खैऱ्या आत शिरतो. पावसाआधी, कोरड्या हवेत रोगट फांद्या छाटा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. गळलेली पानं गोळा करून दूर पुरा. नवी पालवी फुटली की एक टक्का बोर्डो मिश्रण. पाच लिटरसाठी 50 ग्रॅम मोरचूद आणि 50 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून, गाळून एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. जुने ठिपके जात नाहीत, नवी पालवी वाचते. मोरचूदही विषच आहे. म्हणून तोंड आणि हात झाकूनच फवारा, फुलोऱ्यात फवारू नका, लिंबं धुऊन घ्या.

आणि जमलं तर पंप स्वतः उचला. यंदा मी उचलला. जड होतो, खांदा दुखतो. दुखला म्हणूनच कळलं, की आजवर ते ओझं कोणाच्या खांद्यावर टाकत होते.

त्या मुलाच्या घरी जाऊन मी क्षमा मागून आले. संवत्सरीची वाट पाहिली नाही.